कुरकुर नसलेलं घर

खुर्चीवाल्याच्या घरात टीव्ही नव्हता हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण त्यानेच ते सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. फोन एकच, तोही बटणांचा. खाली कारखान्यात खिळ्यांच्या डब्याशेजारी तो पडलेला असायचा आणि वाजला की आधी त्याच्यावरचा भुसा झटकायला लागायचा. मुलांनी त्याला हात लावायचा नाही. मुलं तीन : थोरली, मधली आणि धाकटा. शाळेच्या पटावर त्यांना नावं होती म्हणे, पण घरात ती कुणी वापरत नसे.

खाली कारखाना आणि वर दोन खोल्या, एवढाच संसार. संध्याकाळी करवत थांबली की हातपाय धुऊन सगळ्यांनी एकाच टेबलाशी, एकाच वेळी जेवायला बसायचं. वाढलेलं संपवायचं. आपलं ताट आपण घासायचं. थोरलीचे कपडे मधलीला, मधलीला आखूड झाले की त्यातलं जे जमेल ते धाकट्याला. जेवणं झाल्यावर आई काहीतरी वाचून दाखवायची, मग दिवे बंद. सुट्टीच्या दिवशी परसातल्या वाफ्यात कोबी आणि मुळे, त्यांना पाणी, त्यांची निंदणी. पूर्वीची माणसं अशीच वाढली आणि काही बिघडलं नाही त्यांचं, असं खुर्चीवाला म्हणायचा. पूर्वीच्या कुठल्या माणसांशी त्याने याची खातरजमा केली होती कुणास ठाऊक.

या सगळ्या नियमांच्या वर एक नियम होता. कुरकुर करायची नाही.

त्याची सुरुवात थोरलीपासून झाली. ती अगदी लहान असताना एकदा जेवताना तिने तोंड वाकडं केलं आणि "रोज रोज काय कोबी" म्हणून सूर लावला. खुर्चीवाल्याने घास हातातच धरला, कान टवकारले आणि बायकोला विचारलं, "अगं, दार कुरकुरतंय का आपलं? तेल घाला रे कुणीतरी!" पोर बिचारी उठली आणि खरोखर दाराकडे बघायला गेली. नवराबायको हसून हसून बेजार. मग ती पण हसली आणि मुकाट्याने कोबी खाल्ला. तेव्हापासून घराला तो चाळाच लागला. बूट चावतोय, थंडी वाजतेय, शाळा लांब आहे, कुणी काही म्हणायचा अवकाश, एकजण ओरडायचा, "दार कुरकुरलं!" आणि बाकीचे एका सुरात, "तेल घाला!" झालं, विषय संपला. धाकट्याला तर धड पाणी मागता येत नव्हतं तेव्हापासून "तेल घाला" म्हणता येत होतं. हे त्याची आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची.

आणि खरं बोलायचं तर त्यात वाईट ते काय होतं? मार नाही, आरडाओरडा नाही. खुर्चीवाल्याच्या बापाने त्याला पट्ट्याने फोडून काढलं होतं, पाठीवर वळ उठेपर्यंत. आपण पोरांना बोटसुद्धा लावायचं नाही, हे त्याने लग्नाआधीच ठरवलं होतं आणि पाळलंही होतं. एका विनोदात काम भागतंय तर पट्टा कशाला? इतरांची मुलं दुकानात जमिनीवर लोळण घ्यायची, आईबापांना शिव्या हासडायची, हातातल्या फोनमधून मान वर काढायची नाहीत. याची मुलं धुतल्या तांदळासारखी, हसतमुख, हाक मारली की "ओ" देणारी. "मुलं असावीत तर अशी," असं लोक म्हणायचे. "छे हो, त्यात काय एवढं," खुर्चीवाला म्हणायचा, पण अशा आवाजात की समोरच्याने ते पुन्हा एकदा म्हणावं.

कारखान्यात मात्र हाच माणूस वेगळा होता. कुणी कुरकुरणारी खुर्ची घेऊन आलं की तो ती उलटी करायचा, पाय हलवून बघायचा, कान लावून ऐकायचा. "उगीच आवाज करत नाही हो ती. आत सांधा ढिला झालाय. वेळेवर आणलीत, नाहीतर एक दिवस बसता बसता पायच निखळला असता." गिऱ्हाईक त्याच्याकडे आदराने बघायचं. वर जाऊन तो हातपाय धुवायचा आणि जेवायला बसायचा.

मधली अकरा वर्षांची होती. अंगाने थोराड, गालावर कायम लाली, आणि स्वभावाने इतकी सोशिक की तिच्या वाट्याचंसुद्धा थोरली आणि धाकटा खाऊन जायचे. बापाचा विनोद पुरा व्हायच्या आत हसणारी ती एकटीच. खुर्चीवाला तोंडाने म्हणायचा की मला तिन्ही सारखी, पण कारखान्यात फळी धरायला माणूस लागला की हाक मधलीलाच.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, माझा गुडघा दुखतोय."

"दार कुरकुरलं!" धाकटा आनंदाने किंचाळला.

"तेल घाला!" बाकीचे म्हणाले. मधली पण म्हणाली. आणि सगळ्यांच्या आधी हसली.

झोपताना आईने गुडघ्याला खरंच तेल लावलं. "वाढीचं दुखणं असतं ते," ती म्हणाली. "माझा पण दुखायचा तुझ्याएवढी असताना."

त्याच सुमारास शाळेतल्या मोठ्या बाईंनी खुर्चीवाल्याला पालकांच्या सभेत बोलायला बोलावलं. विषय होता, मुलांना साधेपणाने कसं वाढवावं. खुर्चीवाल्याची छाती अशी काही फुगली की सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी राहिली होती. आयुष्यात व्यासपीठावर चढला नव्हता तो. बायकोने सदऱ्याला इस्त्री केली, तीन मुलं पहिल्या रांगेत बसली, आणि पहिल्या दोन वाक्यांत अडखळून मग त्याची गाडी अशी सुटली की थांबेना. टीव्ही नाही, फोन नाही, कोबीचे वाफे. लोक माना डोलवत होते. मग त्याने दाराचा किस्सा सांगितला. हशा झाला. हशा झाला की माणसाला आणखी हवा असतो.

"आता परवाचंच बघा," तो म्हणाला, "ही आमची मधली म्हणाली, गुडघा दुखतोय. तुमच्याकडे काय झालं असतं? डॉक्टर, गोळ्या, शाळेला दांडी! आम्ही म्हटलं, दार कुरकुरलं, तेल घाला! दुसऱ्या मिनिटाला पोरगी खदाखदा हसत होती. कुठे गेला गुडघा? ऊठ गं मधले, दाखव सगळ्यांना."

मधली उठली. उठताना तिने शेजारच्या खुर्चीचा आधार घेतला, पण तिकडे कोण बघतंय? सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या तिच्यासाठी होत्या. एवढ्या मोठ्या माणसांनी तिच्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिचे कान लाल झाले आणि ती बापाकडे बघून अशी हसली की मोठ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. घरी जाताना खुर्चीवाल्याने तिला खांद्याशी धरून चालवलं. एवढं सुख त्याला त्याआधी झालं नव्हतं आणि पुढे कधी होणार नव्हतं.

त्या दिवसानंतर मधलीने गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

ती पाय ओढायला लागली. पाऊल बाहेरच्या बाजूला पडायला लागलं, बदकासारखं. थोरलीने एकदा तिची नक्कल केली आणि सगळे हसले, मधली धरून. जिना चढताना ती कठडा धरायची. खुर्चीवाल्याने हे बघितलं नाही असं नाही. बघितलं, आणि म्हणाला, "पाय नीट उचल, फरफटू नकोस. बुटाचे तळ झिजतात, ते धाकट्याला जायचेत." ती म्हणाली, "हो बाबा," आणि पाय उचलून चालली. त्याच्या नजरेआड जाईपर्यंत उचलून चालली.

आणि मग एक दिवस, भरदुपारी, कारखान्याच्या दारातल्या पायरीवर ती पडली. पायरी कसली, वीतभर उंच. हातात तिने एक खुर्ची धरली होती, ती आधी नीट बाजूला ठेवली आणि मग उठायला गेली. उठता येईना. खुर्चीवाला धावला. पोरीचा चेहरा पांढराफटक, ओठ दातांत धरलेला, डाव्या हाताच्या मुठीत भुसा घट्ट आवळलेला. उजवा पाय भलत्याच दिशेला वळून पडला होता.

"लागलं का गं?"

"नाही बाबा," मधली म्हणाली. "खुर्ची नाही मोडली."

त्याने तिला उचललं तेव्हा तिच्या घशातून एक आवाज आला आणि तिने तो गिळून टाकला. रस्ताभर गाडीत तिने बापाचा सदरा धरून ठेवला होता आणि खड्डा आला की मूठ आवळत होती. रडली नाही. गाडीवाला मागे वळून म्हणाला, "शूर आहे हो पोर तुमची." त्याचं थोबाड फोडावं असं खुर्चीवाल्याला वाटलं. का वाटलं ते त्याला अजून कळलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरीणबाई उंच, किडकिडीत आणि फटकळ होत्या. त्यांनी फोटो काढून घेतला, दिव्यासमोर लावला आणि पेनाने दाखवलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक, तो गोळा, खुब्यातल्या वाटीत बसतो. वाढीच्या वयात कधीकधी तो हाडावरून हळूहळू घसरायला लागतो. हिचा बरेच दिवस घसरत होता. आज पूर्णच सुटला.

"पण तिचा तर गुडघा दुखत होता," खुर्चीवाला बोलून गेला.

"दुखतं गुडघ्यात, बिघाड असतो खुब्यात. आम्ही पण फसतो कधी कधी." मग डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे दुखत होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

खुर्चीवाला सदऱ्यावरचा भुसा झटकायला लागला. बायको भिंतीकडे बघत उभी राहिली.

"किती दिवस दुखत होतं गं, बाळ?" डॉक्टरीणबाईंनी मधलीलाच विचारलं.

मधलीने बापाकडे बघितलं. "नाही दुखत," ती म्हणाली.

गोळा जागेवर आणून त्यात स्क्रू बसवला. पण गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता. तो हळूहळू मरणार आणि ठिसूळ होणार हे पुढच्या फोटोंत दिसतच गेलं. पाय आखूड राहणार, लंगडणं जन्माचं. पुढेमागे सगळा सांधाच बदलावा लागेल. घसरायला लागला तेव्हाच आणली असती तर एका स्क्रूत भागलं असतं आणि पोरगी आज पळत असती. डॉक्टरीणबाईंनी हे शांतपणे सांगितलं. आवाज चढवला असता तर खुर्चीवाल्याला बरं वाटलं असतं.

"आता नीट ऐका," त्या म्हणाल्या. "हे दुखणं एका बाजूला झालं की दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतं. डावा खुबा आज चांगला आहे, म्हणून मी त्याला हात लावत नाही. पण लक्ष ठेवायचं. त्या बाजूला खुब्यात, मांडीत, गुडघ्यात, कुठेही जरा जरी दुखलं, तर त्याच दिवशी इथे आणायचं. दुसऱ्या दिवशी नाही. तो पाय वाचवणं तुमच्या हातात आहे. म्हणजे खरं तर तिच्या तोंडात आहे. तिने सांगितलं तरच कळणार."

घरी आल्यावर खुर्चीवाल्याने सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि जाहीर केलं की आजपासून या घरात तो दाराचा विनोद बंद. कुणाला काही दुखलं, खुपलं, आवडलं नाही, तर बोलायचं. मोकळेपणाने बोलायचं. मुलं खाली माना घालून ऐकत होती. खुर्चीवाल्याने वाट बघितली. कुणी बोलेना.

"बोला की! मधले, तू बोल. काय आवडत नाही तुला? सांग, सांग."

मधली कावरीबावरी झाली. कुबड्या खुर्चीला टेकवलेल्या होत्या, त्यातली एक तिने उगीचच सरळ केली. बापाला काहीतरी हवं आहे एवढं तिला कळत होतं आणि बापाला हवं ते द्यायची तिला जन्माची सवय. तिने भाजीचा घास खाल्ला, विचार केला.

"भाजी," ती म्हणाली, "थोडी अळणी आहे."

"दार कुरकुरलं!" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

खुर्चीवाल्याचा हात कधी उठला ते त्यालाच कळलं नाही. फाड्कन आवाज झाला. धाकटा खुर्चीवरून खाली गेला आणि खालीच बसून राहिला. गालावर बोटं उमटली होती, डोळे वाटीएवढे झाले होते. तो रडलासुद्धा नाही. रडायचं असतं हे त्या घरात कुणाला माहीत होतं?

"अळणी नाहीये बाबा," मधली घाईघाईने म्हणाली. "चांगली आहे भाजी. मी चुकून म्हटलं."

त्या रात्री जेवणं कशी संपली ते संपली. खुर्चीवाला कारखान्यात जाऊन बसला आणि ज्या हाताने मारलं तो हात मांडीखाली दाबून धरला. त्याला आपला बाप आठवला. बापापेक्षा आपण बरे, या एका आधारावर तो इतकी वर्षं ताठ मानेने चालला होता.

त्यानंतर त्याने एकच धोशा लावला. सकाळी उठल्याबरोबर, शाळेला निघताना, शाळेतून आल्यावर, जेवताना. "मधले, डावा पाय कसा आहे? दुखतंय का कुठे?" तिच्यासमोर उकिडवा बसून, तिचे गुडघे धरून, तिच्या तोंडाकडे बघत विचारायचा. त्याचं स्वतःचं तोंड तेव्हा कसं दिसत होतं हे त्याला कुणी सांगितलं नाही. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, आणि उत्तर यायच्या आधीच हनुवटी थरथरायला लागलेली.

"नाही बाबा."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

मग त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि ते तोंडावर दिसायचं. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा, कधी तिचा पापा घ्यायचा. असा बाप तिला त्याआधी कधी मिळाला नव्हता. "नाही" म्हणायचा अवकाश की मिळायचा.

हळूहळू खुर्चीवाल्याला धीर आला. कामात हात चालायला लागला. बायकोला तो म्हणाला, "चांगला आहे गं डावा. रोज विचारतो मी."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती कमी बोलणारी बाई. नवऱ्याच्या विनोदावर हसत आली, नवऱ्याच्या नियमांना मान देत आली. पण त्या दिवशी तिने हातातला सदरा पलंगावर फेकला.

"काय विचारता हो तुम्ही? ती तुमचं तोंड बघून उत्तर देते. काल तिला जिन्यावर थांबलेली बघितली मी. डाव्या मांडीला हात लावून उभी होती. मी विचारलं, तर म्हणाली काही नाही. खुर्चीचा सांधा तुम्हाला हातभर लांबून ऐकू येतो, आणि..." तिने सदरा पुन्हा हातात घेतला. मग ती आणखी हळू म्हणाली, "माझंही तेच आहे. मी तेल लावलं. पाय ओढताना मला दिसत होती ती. मला वाटलं, तुम्ही हसाल."

खुर्चीवाला ताडकन उठला. त्याने मधलीला हाक मारली. विचारलं. मधली म्हणाली, "नाही बाबा." त्याने शपथ घातली. "नाही बाबा." तो हात जोडून म्हणाला, "मी काही म्हणणार नाही गं, फक्त सांग." पोरगी घाबरून आईच्या मागे झाली आणि तिथून हसून म्हणाली, "खरंच नाही दुखत. बघा," आणि कुबड्या सोडून डाव्या पायावर उभी राहिली. कपाळावर घामाचे थेंब आले होते तरी हसत उभी राहिली.

त्याने तिला उचललं आणि तडक दवाखाना गाठला. बायको चपला हातात घेऊन मागून धावत आली.

डॉक्टरीणबाईंनी मधलीला तपासणीच्या टेबलावर झोपवलं, पडदा ओढला. डावा पाय हळूच वाकवला, बाहेर वळवला. "दुखतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी बघितलं की प्रत्येक प्रश्नाला पोरगी आधी बापाकडे बघते आहे आणि मग उत्तर देते आहे. त्या सरळ उभ्या राहिल्या. "तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या खुर्चीवाल्याला म्हणाल्या.

"मी? का?"

"बाहेर थांबा."

"अहो, मी बाप आहे तिचा! मीच आणलंय तिला. मी नसलो तर ती घाबरेल."

"बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तो चिडला. आपल्या पोरीच्या दुखण्यात आपल्यालाच परकं करतात म्हणजे काय, हा कुठला न्याय? पण मधली बघत होती, म्हणून तो तिच्याकडे बघून हसला आणि बायकोला तिच्याजवळ ठेवून पडद्याबाहेर आला. भिंतीला लागून एक बाक होता. त्यावर बसला. बाकाचा एक पाय हलत होता, पण आज त्याने खाली वाकून बघितलं नाही.

आत कुणीतरी स्टूल ओढलं. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, इतका खालचा की शब्द कळेनात. मग दुसरा एक आवाज आला आणि तो कुणाचा आहे हे खुर्चीवाल्याला पटकन ओळखता आलं नाही. बारीक, घोगरा, चुकत चुकत येणारा आवाज.

"इथे. आणि इथे पण. जिना चढताना जास्त. रात्री कूस बदलली की."

"कधीपासून?"

"कुबड्या आल्यावर थोड्याच दिवसांनी."

"मग बाबांना का नाही सांगितलंस? ते रोज विचारतात ना?"

खुर्चीवाल्याने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

"नाही म्हटलं की त्यांना बरं वाटतं," मधली म्हणाली.

फोटो काढायला तिला ढकलगाडीवरून मागच्या दाराने नेलं आणि त्याच दाराने परत आणलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डावा गोळा घसरायला लागलाय, त्या म्हणाल्या, पण थोडाच. रक्तपुरवठा शाबूत आहे. आजच स्क्रू घालायचा. हा पाय बहुधा वाचेल. "आणखी थोडे दिवस गेले असते तर हा पण गेला असता. आज बोलली ती."

"मी... मी जाऊ का तिच्याजवळ?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला हाताने बाकाकडे खूण केली. त्या आत गेल्या. आता पायाला वजन बांधायचं होतं, म्हणजे ऑपरेशनपर्यंत तो जागेवर राहील. नर्स काहीतरी सांगत होती, लोखंडाचा आवाज झाला, आणि मग मधली ओरडली.

"आई गं! दुखतंय! आई, दुखतंय ना! नको, नको, फार दुखतंय!"

ती रडत होती. हुंदके देऊन, घसा फाडून, रस्त्यावरच्या कुठल्याही पोरासारखी रडत होती. अकरा वर्षांत खुर्चीवाल्याने तिचं असं रडणं ऐकलं नव्हतं. तो उठला, एका ढांगेत पडद्याशी गेला. तिला पोटाशी धरावं, रड म्हणावं, हवं तेवढं रड म्हणावं, एवढं एकच त्याला सुचत होतं. त्याने पडद्याला हात घातला तेवढ्यात आतून बायकोचा चेहरा पुढे आला. तिचे डोळे वाहत होते. तिने त्याचा हात पडद्यावरून काढला.

"येऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही आलात की ती गप्प होईल."

खुर्चीवाला परत जाऊन बाकावर बसला.